वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. प्रोबायोटिक घेऊन मला तो टाळता येईल का? काय खाऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलांना ४७व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तुम्ही ३४ वर्षांचे, ऐरोलीला आयटीत बैठं काम, दुपारी कॅन्टीन, रात्री बऱ्याचदा बाहेरून मागवलेलं. आता कुणीतरी शौचाची ‘मायक्रोबायोम टेस्ट’ (आतड्यात कोणते जिवाणू आहेत ते बघणारी) आणि तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूल असं अठरा हजारांचं पॅकेज गळ्यात मारायला बघतंय.

घेऊ नका. त्या अठरा हजारांचं काय करायचं ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात सत्तावीस वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. शिवाय माझ्या नवऱ्याला हाच आजार झाला होता, त्यामुळे पुस्तकातलं आणि घरातलं असं दोन्ही बघून झालंय.

आधी जिवाणूंचं. भाकरीतला स्टार्च लहान आतड्यात पचतो, चोथा (फायबर) पचत नाही. तो खाली मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात, इडलीचं पीठ आंबतं तसंच, फक्त हवेशिवाय. त्यातून तीन लहान आम्लं तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट आपल्या कामाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांची साधारण ७० टक्के ऊर्जा त्यातूनच घेतात. म्हणजे तिथल्या पेशींचं जेवण आपण शिजवत नाही, जिवाणू शिजवतात. निरोगी पेशी हे ब्युटिरेट जाळून टाकते. बिघडलेली पेशी मुख्यतः साखरेवर जगते, तिच्यात ते न जळता साठत जातं आणि तिची वाढ रोखतं. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

इथे तुपाबद्दल एक. ‘तुपात ब्युटिरेट असतं, म्हणून सकाळी चमचाभर तूप प्या’ असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तुपात ते असतं हे खरं, ब्युटिरेट हे नावच लोण्यावरून आलंय. पण तुपातलं ब्युटिरेट वरच्या आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. वरणभातावर तूप जरूर घ्या, चवीसाठी.

उलट बाजूही आहे. चोथा मिळाला नाही तर जिवाणू उपाशी राहत नाहीत. उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगात चोथा बंद केल्यावर जिवाणूंनी आतड्याच्या आतला बुळबुळीत संरक्षक थरच खायला सुरुवात केली. आणि जेवण तेलकट असेल तर ते पचवायला पित्त जास्त लागतं, त्यातलं थोडं मोठ्या आतड्यात निसटतं, तिथे काही जिवाणू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात. हे आम्ल अस्तराला चिडवतं, पेशींच्या डीएनएला इजा करतं.

हे सगळं माणसात किती लवकर बदलतं याचा मला सर्वात आवडणारा प्रयोग २०१५ चा, स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांचा. पिट्सबर्गमधले वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळच्या खेड्यातले वीस जण घेतले. पहिल्या गटात हा कॅन्सर खूप, दुसऱ्यात अगदी क्वचित. दोन आठवडे त्यांनी एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकनांचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला, आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आला. पंधरा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट अडीच पट झालं आणि ती पित्ताची आम्लं ७० टक्क्यांनी घटली. आफ्रिकनांचं ब्युटिरेट निम्म्यावर आलं, अस्तराचा दाह वाढला. पंधरा दिवसांत कॅन्सर होतही नाही आणि टळतही नाही, पण आतलं हवामान केवढं फिरतं बघा. आणि कुणीही कॅप्सूल घेतली नव्हती. जिवाणू त्यांचेच होते, फक्त खाणं बदललं.

म्हणून कॅप्सूलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते विरजण आहे, आणि तुमच्या भांड्यात दूध नाही. बाहेरून आलेले जिवाणू बहुतेकदा काही दिवसांत निघून जातात. प्रोबायोटिकने आतड्याचा कॅन्सर टळतो असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. शौचाच्या त्या टेस्टचं तर ‘तुमच्यात अमुक जिवाणू कमी’ एवढं वाचून कुठलाही पोटाचा डॉक्टर उपचार ठरवत नाही. ताक प्या, आंबील प्या, चांगलंच आहे, पण त्याला औषध म्हणू नका.

आता जी गोष्ट विकणारे सांगत नाहीत ती. चोथ्याच्या बाजूने असलेला पुरावा जितका वाटतो तितका एकमुखी नाही. २००० साली अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवणारी छोटी गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) काढलेल्या लोकांपैकी काहींना तीन-चार वर्षं भरपूर चोथा दिला, एका चाचणीत भाज्या-फळांसह कमी तेलाचं जेवण, दुसरीत गव्हाचा कोंडा. पॉलिप पुन्हा येण्यात काही फरक पडला नाही. त्याच वर्षी युरोपातल्या एका चाचणीत रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांना पॉलिप जास्तच आले! घाबरू नका. चाचणी छोटी होती, आणि इसबगोलने कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ नाही. माझी सासू बद्धकोष्ठासाठी वीस वर्षं घेत होती, तिला मी काही म्हटलं नाही. पण ‘दोन चमचे इसबगोल घेतला, आता पिझ्झा चालेल’ हा हिशेब चुकीचा आहे, एवढं नक्की कळतं. आयुष्यभर कोण काय जेवतं हे बघणारे मोठे अभ्यास वेगळं सांगतात: २०११ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा रोजच्या प्रत्येक १० ग्रॅम जास्तीच्या चोथ्यामागे धोका साधारण १० टक्क्यांनी कमी दिसला, आणि अखंड धान्याचा फायदा सगळ्यात ठळक. पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं जातात. तीन वर्षांच्या चाचणीत सगळं दिसेलच असं नाही.

तर मग जेवायचं काय? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात तो दहाएक ग्रॅम, बाजरीत आणि नाचणीत अकराच्या आसपास, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनच्या आत. गव्हाला उगाच बदनाम केलंय: चक्कीवरून दळून आणलेल्या, कोंडा न चाळलेल्या पिठात तोही अकरा ग्रॅम असतो. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ आणि एक मोठा पेरू एवढ्यातच तुम्ही वीसच्या पुढे जाता, वर भाजी वेगळी. पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसलेल्या बायका दिसल्या की मी पिशवी भरून घेते. वेगवेगळ्या भाज्या म्हणजे वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा घास. शिळ्या भातात आणि शिळ्या भाकरीत न पचणारा स्टार्च थोडा वाढलेला असतो, म्हणजे आपली फोडणीची भाकरी काही वाईट नाही. भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. आणि मिसळ? उसळ खा, तर्री बेताने, फरसाण आणि दुसरा पाव सोडा. हे मी स्वतःला सांगते, प्रत्येक वेळी ऐकते असं नाही.

चोथा एकदम वाढवलात तर पहिले आठ दिवस पोट फुगेल आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत पंचाईत होईल. हळूहळू वाढवा, पाणी प्या. हे जेवण तुमच्यासाठी आहे. वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांचं खाणं त्यांच्या सर्जनला विचारूनच बदला.

मांसाहाराबद्दल लोक फार गोंधळ घालतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातल्या चौघांना होणार असेल तर पाचाच्या जवळ जातो, शंभरातल्या बावीस जणांना नव्हे. मटण ‘बहुधा कॅन्सरकारक’ या खालच्या पायरीवर आहे. कोंबडी आणि मासळी त्या अहवालात नव्हती, तेव्हा तुमच्या घरी बोंबील-सुकट होत असेल तर खुशाल होऊ द्या. रविवारचं मटण रविवारीच राहू द्या. दारू आणि सिगारेट दोन्ही धोका वाढवतात, त्यात खल करण्यासारखं काही नाही. वजन आणि दिवसभर बसून राहणं, हेही.

काही जिवाणू उघड शत्रूच्या बाजूचे असतात. तोंडातला फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत सापडतो, हे २०१२ पासून माहीत आहे. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष करतात, ते डीएनएवर ओळखू येईल असा ठसा सोडतं. २०२५ मध्ये अकरा देशांतल्या ९८१ गाठी तपासल्या, तेव्हा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा मिळाला, आणि तो बहुधा बालपणीच उमटलेला. तेव्हा तुम्ही आज काय जेवता याने सगळं ठरत नाही.

माझा नवरा जन्माचा शाकाहारी, भाकरीशिवाय जेवला नाही कधी. ५४व्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी न तपासताच ‘मूळव्याध’ म्हटलं, मलम दिलं, आणि आम्हीही आठ महिने तेच धरून बसलो. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवत होते आणि मलाही ते सोयीचं वाटलं, हे जास्त टोचतं. शेवटी कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात त्यात, गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, आता सात वर्षं झाली, तलावपाळीला रोज तीन फेऱ्या मारतो.

तुमचे पैसे त्या कोलोनोस्कोपीसाठी ठेवा. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा ती करायची असते. तुमच्या बाबतीत ते ३७. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढतात, म्हणजे ही तपासणी कॅन्सर नुसता शोधत नाही, टाळतेही. रक्त गेलं, शौचाची सवय बदलली, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं तर ३७ची वाट बघू नका.

त्याही आधी एक काम. वडिलांना पन्नाशीच्या आत झाला, म्हणजे लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष आहे का हे बघायला हवं. तो असेल तर तपासणी विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी करतात. धोका कमी करायला ॲस्पिरिन घ्यायची का, हा विषयही तेव्हा डॉक्टरांशी निघतो. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक तुमच्यापासून फार लांब नाही, अशा जनुकीय सल्ल्याबद्दल तिथे चौकशी करा. जाताना वडिलांची फाईल न्या आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘एमएमआर’ किंवा ‘एमएसआय’ (लिंचची शक्यता दाखवणाऱ्या, गाठीवर करायच्या चाचण्या) असं काही लिहिलंय का ते आज रात्रीच बघा. नसेल तर ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत विचारा. गाठीचा मेणातला तुकडा ते बऱ्याचदा वर्षानुवर्षं जपून ठेवतात, आणि ती चाचणी त्यावर आजही करता येते.