सिझर, ब्लड कॅन्सर आणि भुलीचा हट्ट

सिझर ठरलं की भुलीची भीती बहुतेक घरांत निघते. त्यात रक्ताचा कॅन्सर असला, तर भीतीचा हट्ट होतो. दिंडोरीकडचं एक द्राक्षबागायतदार कुटुंब नाशिकला माझ्याकडे समुपदेशनाला येत होतं (ओळखीचे तपशील बदलले आहेत). सुनेला आठवा महिना सरलेला, केमो चालू, बाळ पायाळू. सासूबाई म्हणत, "कंबरेत सुई नको, जन्माची पाठ धरते." तिचं उलटं, "मी जागीच राहणार. बाळाचं पहिलं रडणं मी ऐकलंच पाहिजे."

असा "च" मी सोडत नाही. माणूस इच्छेपायी खचत नाही, तिला जोडलेल्या "च"पायी खचतो.

आधी माहिती समोर ठेवली. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ७०,००० च्या वर आणि रक्त गोठण्याच्या बाकी तपासण्या ठीक असतील, तर पाठीतली भूल (कंबरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात, बाई जागी राहते) सहसा देतात; ५०,००० च्या खाली सहसा टाळतात, कारण मणक्यात रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. मधल्या आकड्यांत भूलतज्ज्ञ प्लेटलेटचा काउंट चढतोय की उतरतोय, ते बघतात. रक्तात कॅन्सरच्या पेशी फिरत असतील, तर सुईवाटे त्या पाठीच्या पाण्यात, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, जाण्याची शंकाही असते. पूर्ण भुलीत बाई झोपलेली असते; त्यातही श्वासासाठी नळी घालताना सुजलेल्या घशातून रक्त येऊ शकतं, बाळ थोडा वेळ सुस्त असू शकतं. म्हणून बाळाचे डॉक्टर शेजारी लागतात.

सगळं ऐकूनही हट्ट तसाच. तिसऱ्या भेटीत नवऱ्याला विचारलं, "माल कोणत्या दिवशी काढायचा, हे महिनाभर आधी सांगता?"

"छे! मीटरवर साखर बघायची, मग मजूर सांगायचे."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भूलही त्या सकाळच्या काउंटवर." थोड्या वेळाने, "रडणं ऐकायला मिळालं तर बरं."

"च" गेला होता. मी गप्प राहिले. अशा वेळी बोलणारा समुपदेशक हातचं घालवतो.

आदल्या रात्री एसडीपीची (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटची) पिशवी चढवूनही सकाळी काउंट ४८,००० आला. पूर्ण भुलीच्या कागदावर तिने स्वतः सही केली.

सासूबाईंच्या पाठदुखीचं म्हणाल, तर बाळंतपणानंतर पाठ भूल न घेतलेल्यांचीही दुखते. पाठीतली भूल मिळालेल्यांनी लक्ष ठेवायचं ते पायांवर. चार-पाच तासांत पाय हलेनात, हललेले पुन्हा जड पडले किंवा पाठीत जोराची कळ आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवा. एमआरआय आणि गरज पडल्यास ऑपरेशन काही तासांतच व्हावं लागतं.