कोरे, रिकामे की खाली?

निपाणीच्या एका वाचकाने विचारले आहे : गावातल्या वाचनालयाच्या संकेतस्थळावरची जी पाने उघडतात पण ज्यांत काहीच नसते, त्यांना ‘खाली पाने’ म्हणावे की ‘कोरी पाने’? आणि अनुक्रमात न दिसणाऱ्या पानांना ‘गुप्त’ म्हटले तर चालेल का?

‘खाली’पासून सुरुवात करतो, कारण ही अडचण आपल्या सीमाभागाची आहे. ‘रिकामे’ या अर्थाचा ‘खाली’ मूळचा अरबी. ‘घर खाली करणे’ यात तो सगळ्या मराठीत टिकून आहे, आणि आपल्याकडे कन्नडातल्या ‘खाली’च्या सहवासाने इतका रुळला आहे की ‘बस खाली आहे’ हे वाक्य बेळगावात कोणाला खटकत नाही. पुण्याचा माणूस मात्र ती बस चढाच्या पायथ्याशी शोधील. संकेतस्थळावर ‘खाली पाहा’, ‘खालील दुवा’ पावलोपावली येत असल्यामुळे तिथे तो टाळावा. बोलताना खुशाल वापरावा.

कोरे म्हणजे न वापरलेले, काही न पडलेले : कोरी पाटी, कोरे कापड, दूध न घातलेला कोरा चहा. रिकामे म्हणताना मात्र काहीतरी मावण्याची सोय गृहीत असते, जशी रिकाम्या घागरीत. वाचनालयाच्या पानावर वर नाव, बाजूला अनुक्रम, मधोमध ‘वार्षिक अहवाल’ हा मथळा आणि त्याखाली नुसती पांढरी जागा असेल, तर ते रिकामे पान. मथळाही न उमटता सबंध पडदा पांढरा राहिला, तर कोरे. ‘४०४’ हा आकडा आला तर पानच नसते, त्यामुळे तिथे ‘पान सापडले नाही’ एवढेच लिहावे.

‘गुप्त’ मला जड वाटतो. अनुक्रमातून वगळलेले पान पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही उघडता येते, आणि ‘रोबॉट्स’ नावाच्या फाइलमधून शोधयंत्रांना ‘इकडे येऊ नका’ असे सांगण्याची १९९४ पासूनची रीतही विनंतीच आहे, कुलूप नव्हे. दुवा द्यायचा राहून गेला असेल तर ‘दुवा नसलेले’, हेतुपुरस्सर दिला नसेल तर ‘लपवलेले’ म्हणावे; परवलीच्या शब्दाविना उघडत नसेल, तरच ‘गुप्त’. ‘छुपे’ मात्र नको : छुप्या कॅमेऱ्याच्या संगतीने त्या शब्दाला संशयाचा वास लागला आहे, आणि वर्गणी थकलेल्या सभासदांच्या यादीला तो लावला, तर पुढची सभा त्या एका शब्दावरच संपेल.