नदीकाठची बाग आखायची, तर शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. नाग नदीच्या काठाने सार्वजनिक बाग आखायची, हेच तिच्या डोक्यात आहे. तिचे बाबा म्हणतात, सिव्हिल घे. काय करावं? – एक आई, नागपूर

उत्तर : ताई, बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नदीकाठची बाग आधी पाण्याचं काम असतं, झाडांचं नंतर. निळी पूररेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. बाग, मैदान चालतं. म्हणून स्वच्छतागृह आणि विजेचा पॅनेल वर न्यायचा, खाली गाळ धुऊन काढता येईल एवढंच ठेवायचं. त्याऐवजी काठाला उभी काँक्रीटची भिंत घालून पात्र आवळलं, तर पाणी चढतं आणि कुणाच्या तरी घरात शिरतं. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पुराचं पाणी घरात शिरणं म्हणजे काय, हे नागपूरने पाहिलंच.

दुसरी डोकेदुखी काळ्या मातीची. पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते. थेट तिच्यावर पेव्हर बसवले की पायवाट वरखाली होते. ती माती काढून मुरूम थराथराने दाबावा लागतो. झाडं करंज, अर्जुन, उंबर अशी, पुरात तग धरणारी. आणि नाल्यांचं सांडपाणी आधी वळवलं नाही, तर बाकावर बसणार कोण?

यातलं पाण्याचं गणित तिला ओढत असेल तर सिव्हिल, पुढे जलविज्ञान. आयआयटी रुरकीत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. माणसं कुठून येतील, कुठे बसतील हे आखायचं असेल तर 5 वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, आणि मग लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे बागा-मोकळ्या जागांची आखणी. पत्रावरून माझा कल बी.आर्क.कडे आहे. बी.प्लॅनिंग, म्हणजे नगररचनेची पदवी, 4 वर्षांचं, पण त्यात अख्खं शहर येतं, बाग त्यातला एक तुकडा.

ठरवण्याआधी तिला एखाद्या पुलावरून 200 मीटर काठ कागदावर उतरवू द्या : पुराची खूण कुठवर, नाले कुठे मिळतात, लोक कुठून उतरतात. पात्रात उतरायचं नाही. कागद उंची-उतारांनी भरला तर सिव्हिल, माणसांच्या वाटांनी भरला तर आर्किटेक्चर.

नागपूरच्याच व्हीएनआयटीच्या बी.आर्क.साठी जेईई मेनचा पेपर 2ए लागतो, राज्यातल्या इतर कॉलेजांना नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा चालते, बी.प्लॅनिंगला पेपर 2बी. जेईईचा फॉर्म भरताना हे पेपर वेगळे निवडावे लागतात. पुष्कळ मुलं फक्त इंजिनिअरिंगच्या पेपर 1 वर खूण करून मोकळी होतात आणि चूक प्रवेशाच्या वेळी कळते.