बाहुलीचा कार्डिगन: बाहीत हात अडकतोय, तर आधी कापडाचा ताण बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाचीच्या बाहुलीसाठी जुन्या टी-शर्टातून समोर उघडा कार्डिगन कापलात, अंग आणि बाह्या एकसलग. मग तीन अडचणी आल्या. बाहीत बाहुलीचा हात जात नाही, पुढच्या कडेला लाटा पडल्या, आणि टीप सुरू करतानाच मशीन कापड खाली ओढून घेतं. माप पुन्हा पुन्हा तपासलंत तरी बरोबरच येतंय, असंही लिहिलंत. माप बरोबरच असणार. चुकली आहे ती कापडाची दिशा, आणि ही चूक मीही केलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सोलापूरची माणसं कापड म्हटलं की मागावरचं कापड समजतो. चादर असो की टॉवेल, त्यात ताणा उभा आणि बाणा आडवा, दोन्ही धागे सरळ. असं कापड उभं-आडवं ओढलं तरी ताणत नाही, तिरकं धरलं तरच थोडं सैल होतं. टी-शर्टचं किंवा बनियनचं होजिअरी कापड मागावरचं नसतं. हातानं विणलेल्या स्वेटरसारखे त्यात फासात फास अडकवलेले असतात, फक्त इतके बारीक की चटकन दिसत नाहीत. ओढलं की हे फास आडवे पसरतात. त्यामुळे साधी होजिअरी आडवी भरपूर ताणते आणि उभी फारच कमी.

आता तुमचा कार्डिगन टेबलावर पसरून बघा. आडवा ताण बाहुलीच्या छातीभोवती येतो, ते बरोबर. पण बाह्या त्याच तुकड्यातून दोन्ही बाजूंना निघाल्यात. म्हणजे बाहीत तोच ताण खांद्याकडून मनगटाकडे गेला. हाताभोवतीचा घेर आला कापडाच्या उभ्या दिशेत, जिथे ते ताणत नाही. बाही लांबीला ताणून काय उपयोग? बाहुलीच्या हाताला कोपर वळत नाही, बोटं पसरलेली, अंगठा बाहेर. तिला घेर ताणायला हवा. म्हणून हात अंगठ्यापाशी अडतो.

बाही सेंटिमीटरभर रुंद कापली तर हात जाईल, पण मग काखेत कापडाचा गोळा होतो. चारी बाजूंनी ताणणारं लायक्राचं कापड मिळालं तर एकसलग कापूनही चालतं. मी मात्र बाही वेगळीच कापते. नुसती चौकोनी पट्टी, तिचा ताण हाताभोवती येईल अशी वळवून. गोल मुंढा, म्हणजे अंगाला बाहीसाठीचा गोल काप, कोरायचा नाही, बाहीला वर गोलाई द्यायची नाही, म्हणून हे काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे.

कापड घेताना माझी एक पारख आहे. आडव्या दिशेत १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि ओढा. सहज १३ पर्यंत गेलं पाहिजे आणि सोडल्यावर परत १० वर आलं पाहिजे. ताणून सैल राहतं ते कापड बाहुलीच्या कोपराशी लोंबतं. दुसरं म्हणजे जाडी. २९ सेंटिमीटरची बाहुली, म्हणजे १९५९ साली आलेल्या बार्बीच्या मापाची, ती माणसाच्या साधारण एक षष्ठांश असते. माप सहा पटींनी लहान झालं, पण कापड तेवढंच जाड राहिलं. म्हणून जाड टी-शर्टचा कार्डिगन बाहुलीच्या अंगावर गोधडीसारखा उभा राहतो. जुनं मऊ बनियन, लहान मुलांचे झबले, पातळ मोजे, यांतून सुंदर होतो. आपल्याकडे शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने एवढे आहेत, त्यातल्या टी-शर्ट आणि ट्रॅकपँट शिवणाऱ्यांकडे कातरणाच्या पिशव्या निघतात. मी गणवेशाचं जॉबवर्क करायचे तेव्हा अशाच पिशव्यांतून बाहुल्यांचा सगळा कपडा निघायचा. आपल्या टॉवेलचं टेरी कापड मात्र घेऊ नका. फुगीर दिसतं म्हणून मोह होतो, पण ते मागावरचं आहे, ताणत नाही आणि कापल्यावर कडेचे फंदे गळत राहतात.

गडद लाल, काळा, निळा रंग असेल तर आधी दोनदा धुवून घ्या. प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या अंगावर रंग उतरला तर तो सहजासहजी निघत नाही.

आता मापं. ही माझ्या नातीच्या बाहुलीची आहेत, छाती १३ सेंटिमीटर. तुमच्या बाहुलीला टेप लावूनच घ्या. बार्बीसुद्धा २०१६ पासून उंच, ठेंगणी आणि भरलेल्या अंगाची अशी वेगवेगळी मिळते, जत्रेतल्या बिनछापाच्या बाहुलीचं तर काहीच सांगता येत नाही.

अंगासाठी एकच तुकडा, ८.५ रुंद आणि २० लांब, ताण रुंदीत. यात दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, धरली आहे. लांबीच्या मध्यावर घडी घातली की ती घडीच खांदा, तिथे शिवण नाहीच. पाठीचा मध्य आणि पुढचा मध्य खुणा करून फक्त पुढचा भाग मधोमध चिरा. मानेसाठी घडीवर ३ सेंटिमीटर रुंदी घ्या. मागे जेमतेम ३ मिलिमीटर खोल, पुढे दीड सेंटिमीटर खाली तिरकं चिरेपर्यंत. मान नेहमी कमी कापा. ताणत्या कापडाची मान शिवेपर्यंत आपोआप वाढते. बाहीच्या दोन पट्ट्या ६.५ रुंद, ८ लांब, ताण ६.५ च्या दिशेत. कापताना कापड ओढू नका, वर्तमानपत्रावर पसरून कागदासकट कापलं तर हलत नाही. खुणेला खडूऐवजी आंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी घ्या. खडू होजिअरीला ओढतो, साबण घसरतो आणि धुतल्यावर जातो.

सुलट-उलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड दोन्ही हातांनी ताणा. साधी होजिअरी सुलट बाजूकडे गुंडाळते.

आता शिवण्याचा क्रम, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. मोठ्या माणसाचा कपडा आधी जोडतात, मग बाहीची आणि खालची कड दुमडतात. बाहुलीच्या बाहीचा घेर साडेपाच सेंटिमीटर, तो मशीनच्या पायाखाली फिरवणार कसा? म्हणून कपडा सपाट आहे तोवर सगळ्या कडा संपवायच्या. बाह्यांच्या मनगटाच्या कडा अर्धा सेंटिमीटर दुमडा. अंगाच्या पाठीची खालची कड आणि पुढच्या दोन्ही भागांच्या खालच्या कडा दुमडा. मग बाहीचा मध्य खांद्याच्या घडीवर ठेवून दोन्ही बाह्या अंगाच्या बाजूंना सपाट जोडा. मग पुढची पट्टी. आणि शेवटी मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेतून खालपर्यंत एकच सलग शिवण, दोन्ही बाजूंना. काखेच्या कोपऱ्यात मायेला टिपेच्या अलीकडे थांबणारी एक बारीक चीर द्या, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुणी राहते.

मनगटाच्या दुमडीवर साधी सरळ टीप मारली तर सगळी मेहनत वाया जाते. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. हात घालताना एकतर दोरा तुटतो किंवा बाहीच उघडत नाही. झिगझॅग असेल तर रुंदी १ ते दीड आणि टाक्याची लांबी २ ठेवा. नसेल तर हातानं सैल टाके घाला. मोजा कापत असाल तर आणखी सोपं. त्याचा वरचा रिबचा काठच बाहीचा शेवट होऊ द्या, दुमडायला नको आणि खऱ्या स्वेटरसारखा दिसतो.

पुढच्या कडेच्या लाटा. कापलेली कड मशीनचा पाय दाबतो, खालचे दाते पुढे ढकलतात, आणि आपण वरून ओढतो. तेवढ्यात कड लांबते आणि लांबलेली कड मग लाटेसारखी पडते. तुम्ही कड दुमडून त्यावर टीप मारलीत, म्हणजे दोनदा ओढली गेली. त्याऐवजी वेगळी पट्टी लावा. २ सेंटिमीटर रुंद, ताण पट्टीच्या लांबीत. लांबीत दुमडून १ सेंटिमीटरची करा, सुलट बाजूला कापलेल्या कडा जुळवून लावा, अर्धा सेंटिमीटर मायेत गेली की अर्धा दिसते. पुढची कड, मान आणि दुसरी कड मिळून माझ्याकडे २३ सेंटिमीटर भरली. पट्टी मी २२ ची धरली, आणि दोन्ही टोकं आत मुडपायला १ सेंटिमीटर जास्त. तो एक सेंटिमीटरचा तुटवडा सगळा मानेत घ्यायचा. उभ्या कडांना पट्टी अजिबात न ताणता लावा, मानेच्या वळणावर हलकी ताणा. म्हणजे मान अंगाला बसते आणि पुढची कड सरळ पडते. आधी धावदोऱ्यानं टाचून घ्या. एवढ्याशा कपड्यात टाचण्या लावल्या तर त्यांच्या वजनानेच कापड सरकतं. आत्ताच्या तुमच्या लाटांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री वरून दाबा आणि उचला, घासू नका. थोड्या तरी बसतील.

मशीन कापड गिळतं त्याला कारण बहुतेक सुई. पाच-सहा वर्षांपूर्वी गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून नातीनं बाहुली आणली. संक्रांतीचे दिवस, आपल्याकडे तेवढीच काय ती थंडी. स्वतः स्वेटर घातलेला, म्हणून बाहुलीलाही हवा. मी गणवेशाच्या पँटी शिवत होते, मशीनला १६ नंबरची सुई, त्याच सुईवर बनियनचा कार्डिगन शिवला. सुरुवातीचं टोक प्लेटच्या भोकात गेलं, ओढून काढलं. शिवून झाल्यावर चांगला दिसला. पण पहिल्या धुण्यात टिपेच्या कडेनं बारीक भोकं दिसू लागली, आणि दुसऱ्या धुण्यात त्या भोकांतून टाके सुटत शिडीसारखी रेघ खाली आली. टोकदार जाड सुईनं फासाचा धागाच तुटला होता. नात काही बोलली नाही. पण त्यानंतर बाहुलीला तो घातलेला मी पाहिला नाही. दुसरा शिवून दिला तेव्हा कुठे माझ्या जिवाला बरं वाटलं.

तेव्हा होजिअरीची, म्हणजे बोथट टोकाची बॉल पॉइंट सुई घ्या, ११ नंबर. ती धागा फोडत नाही, दोन फासांमधून बाजूला सरकून जाते. दोरा सुती नको, पॉलिस्टरचा. सुरुवातीला कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, वरचा आणि बॉबिनचा दोन्ही दोरे मागे धरून ठेवा आणि पहिले तीन-चार टाके हातानं चाक फिरवून घाला. कागद नंतर टिपेच्या कडेनं फाडून काढायचा, ओढून नव्हे. काळ्या मशीनवर फक्त सरळ टीप असेल तर टाका बारीक ठेवा आणि शेवटच्या लांब शिवणीला कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरा, म्हणजे दोऱ्यात थोडी सैल राहते. पट्टी लावताना हे करायचं नाही, तिथे कड मोकळी सोडायची. मशीन ऐकतच नसेल तर सगळा कार्डिगन हातटीपेनं शिवा. प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे घेऊन पुढे काढायची. ती शिवण ताणतेही आणि टिकतेही. संध्याकाळच्या दोन तासांचं काम आहे.

बटणांचं विचारलंत. वेल्क्रो लावू नका, होजिअरीचे धागे आणि बाहुलीचे केस दोन्ही त्यात अडकतात. सगळ्यात बारीक टिचबटण चालेल, पण भाची तीन वर्षांच्या आतली असेल तर तेही नको, तोंडात जातं. मला स्वतःला बंद आवडतात. सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात ना, तसे दोन बंद पट्टीच्या कडेला लावले की कार्डिगन छान मिटतो. होजिअरीची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी लांबीत ओढली की ती स्वतःच गुंडाळून दोरीसारखी होते, शिवावी लागत नाही. भाचीला गाठ मारायलाही आवडेल.

घालताना बाहुलीच्या हातावर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा गुंडाळा आणि मग बाही चढवा. बोटं अडकत नाहीत, बाही मनगटापर्यंत आली की तुकडा बोटांकडून ओढून काढायचा.

आधीचा कार्डिगन टाकू नका. त्याच्या बाह्या अंगाच्या रेषेवर कापून काढा, नव्या दोन पट्ट्या योग्य दिशेनं कापून तिथेच जोडा, वाचेल तो. नव्या पट्ट्या लावल्यावर हात गेला की नाही ते कळवा. अडला तर बाहुलीच्या हाताचा अंगठ्यासकट घेर मोजून इथे लिहा, मी बाहीची रुंदी काढून देते.