आधी मृत्यूचा दाखला काढा, केंट नंतर

तुमच्या जावयाचे खापरपणजोबा विल्यम 1854 च्या सुमारास, बाविसाव्या वर्षी इंग्लंडच्या केंट परगण्यातून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आले. आडनाव अगदी सर्रास, आणि तुम्ही केंटमधले त्या नावाचे सगळे विल्यम गोळा करत बसला आहात. ते आधी थांबवा. अशाने कुणाचा तरी विल्यम सापडतो, तो तुमचाच असेल असं नाही.

शोध ते जिथे वारले तिथून उलटा न्यायचा. ते व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे (तेव्हाची ब्रिटिश वसाहत) तिथेच वारले, हे तुमचं नशीबच. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूदाखल्यात मोठ्या माणसाच्या आईवडिलांची नावं नसतात. व्हिक्टोरियात मात्र सरकारी नोंदणी 1853 ला सुरू झाली तेव्हापासून भरपूर रकाने आहेत: वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठला, वसाहतीत किती वर्षं काढली, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कुणाशी झालं, शिवाय मुलांची नावं वयांसकट. राज्याच्या नोंदणी खात्याकडून जुन्या दाखल्याची प्रत पैसे भरून ऑनलाइन मिळते.

दाखला हातात आला की सगळ्यात आधी माहिती कुणी दिली ते बघा. मेलेला माणूस स्वतः काही सांगत नसतो! बायकोने दिली असेल तर भरवसा जास्त. तिथेच जन्मलेल्या मुलाने दिली असेल तर आजीचं नाव ऐकीव. म्हणून थोरल्या दोन-तीन मुलांचे जन्मदाखलेही मागवा. त्यात आईबापांचं वय, जन्मस्थळ आणि लग्नाचा तपशील असतो, आणि तो विल्यमनी किंवा त्यांच्या बायकोनेच दिलेला असण्याची शक्यता मोठी. जन्मस्थळ ‘मेडस्टन’ (केंटमधलं मोठं शहर) दिसलं तरी शहरावर अडून बसू नका. खेड तालुक्यातला माणूस परदेशात ‘पुणे’ सांगतो, तसाच तो प्रकार.

मग बोट. व्हिक्टोरियाच्या सार्वजनिक अभिलेखागारात सरकारी मदतीने आलेल्यांची 1839 ते 1871 ची सूची फुकट बघता येते. त्या याद्यांत परगणा, धर्म, धंदा आणि लिहिता-वाचता येतं का हेही असतं. यादीत ‘फक्त वाचता येतं’ असेल आणि लग्नाच्या नोंदीत सहीऐवजी फुली असेल, तर माणूस एकच असण्याला बळ मिळतं. स्वखर्चाने आलेल्यांच्या याद्या वेगळ्या, आणि त्यात माहिती फार त्रोटक.

हे सगळं जमल्यावर इंग्लंड. तिथे सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 ची, आणि तुमचा माणूस 1832 च्या आसपासचा. म्हणजे जन्मदाखला नाहीच. चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद शोधायची. 1813 पासूनच्या छापील नमुन्यात वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं, आईचं माहेर नसतं. घराणं मेथडिस्ट वगैरे, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथाचं असेल तर गावच्या चर्चमध्ये काहीच न सापडण्याचीही तयारी ठेवा. 1841 च्या जनगणनेत नऊ वर्षांचा पोरगा घरात भावंडांबरोबर दिसायला हवा. तिच्यात मोठ्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत आणि नातं लिहिलेलंच नाही, त्यामुळे घरातली बाई आईच असं धरून चालू नका. 1851 च्या जनगणनेत नातं आणि जन्मगाव दोन्ही आहेत, पण तोवर पोरगा कुठेतरी शेतावर गडी म्हणून गेलेला असू शकतो.

तरीही दोन-तीन विल्यम उरतीलच. मग एकेकाला बाद करत चला. कुणी लहानपणीच वारला का? कुणी 1861 च्या जनगणनेत केंटमध्येच बायकामुलांसह आहे का? तो तुमचा नव्हे. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेच कुणी करत नाही, म्हणून नेटवरच्या तयार वंशावळींत एकच विल्यम चार घराण्यांत वारलेला दिसतो. त्या वंशावळी बघाव्यात, उतरवून घेऊ नयेत.

एक राहिलं: मुलांची मधली नावं तपासा. आडनावासारखं काही दिसलं तर ते आजीचं माहेरचं आडनाव असू शकतं.

दाखला आला की जन्मस्थळाचा आणि माहिती देणाऱ्याचा रकाना जसाच्या तसा टाइप करून टाका, स्पेलिंग न सुधारता. पुढचं गाव त्यावरून ठरवू.