वाचकांचे प्रश्न: नेव्हीतली वीस वर्षं आणि काउबॉय शूटिंग

मागच्या अंकात माझ्या अमेरिकन नेव्हीतल्या दिवसांबद्दल आणि हल्लीच्या काउबॉय शूटिंगच्या नादाबद्दल चार ओळी आल्या, त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, पण निवडक प्रश्न घेतोय.

प्रश्न: काका, हे काउबॉय अॅक्शन शूटिंग म्हणजे नक्की काय? सिनेमातल्यासारखं समोरासमोर उभं राहून गोळ्या झाडतात का? आणि खऱ्या गोळ्या असतात का?

गोळ्या खऱ्या असतात, पण समोर माणूस कधीच नसतो, असतात त्या लोखंडी पाट्या. गोळी बसली की टण्ण असा आवाज येतो आणि तो आवाज एकदा कानात बसला की माणूस परत परत रेंजवर येतो, माझं तरी तसंच झालं.

खेळ सुरू झाला 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, आणि 1987 मध्ये सिंगल अॅक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली, तिचेच नियम जवळपास सगळीकडे चालतात. हत्यारं जुन्या काळातली, किंवा त्यांच्या आजच्या नकला, म्हणजे दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरवाली रायफल आणि एक शॉटगन, बहुतेकांकडे दुनळी असते. रिव्हॉल्व्हर 1873 च्या कोल्टच्या जातीचं, प्रत्येक गोळीला घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अंगठ्याने मागे ओढावा लागतो, आपोआप काही होत नाही. जॅकेटवाल्या, म्हणजे वरून कडक धातूचं कवच असलेल्या, गोळ्या चालत नाहीत, नुसत्या शिशाच्या आणि कमी वेगाच्या, कारण लोखंडी पाटी जवळ असते आणि तुकडा उलटा यायला नको.

एका स्टेजला, म्हणजे एका फेरीला, साधारण दोन्ही रिव्हॉल्व्हरच्या पाच पाच, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चारेक गोळ्या, कुठली पाटी कोणत्या क्रमाने मारायची ते आधी सांगितलेलं असतं. टायमर बीप करतो आणि सुटायचं. पाटी चुकली तर पाच सेकंद वाढतात, क्रम चुकला तर दहा. चुकली की लागली हे तीन जण बघत असतात आणि तिघातले दोघं म्हणतील ते खरं. कपडेही 19 व्या शतकाच्या शेवटच्या काळातले लागतात, बेसबॉल कॅप घालून आलात तर कुणीतरी प्रेमाने हॅट देईल पण ती कॅप चालणार नाही.

आणि प्रत्येकाला टोपणनाव घ्यावंच लागतं, दोघांचं एक असू शकत नाही. रेंजवर सगळे एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात, त्यामुळे बरोबरचा माणूस डॉक्टर आहे की ट्रक चालवतो हे सहा सहा महिने कळत नाही. मला हे फार आवडलं, कारण नेव्हीत उलटं असतं, तिथे बाहीवरचा रँक आधी बघतात आणि माणूस नंतर.

प्रश्न: वीस वर्षं नेव्हीत बंदुका हाताळल्यावर हा खेळ तुम्हाला सोपा गेला असेल ना?

नाही गेला, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो.

मी 1983 मध्ये हिवाळ्यात ग्रेट लेक्सच्या बूट कॅम्पला, म्हणजे नव्या भरतीच्या प्रशिक्षणाला, गेलो, शिकागोच्या उत्तरेला, लेक मिशिगनवरून येणारा तो वारा अजून हाडात आहे. पुढे गनर्स मेट, म्हणजे तोफा-बंदुका सांभाळणारा खलाशी, झालो. स्प्रूअन्स क्लासच्या डिस्ट्रॉयरवर पाच इंची तोफ, एकेक गोळा साधारण 32 किलोचा, आणि आम्ही असायचो खाली, लोडरच्या ड्रममध्ये वीस गोळे भरायचे आणि तोफ ते एका मिनिटात संपवू शकायची. लक्ष्य आम्हाला दिसायचंच नाही, फक्त जहाज हादरायचं आणि वरून हेडफोनवर आवाज यायचा. त्या तोफेवर शिकलेलं काही रिव्हॉल्व्हरला उपयोगी पडत नाही.

जे उपयोगी पडलं ते दुसरंच. पहिल्या वर्षातली गोष्ट, जहाज बंदरात, मी क्वार्टरडेकवर, म्हणजे जहाजावर चढायच्या-उतरायच्या जागी, मिडवॉचचा पहारा संपवत होतो, म्हणजे मध्यरात्री ते पहाटे चार, कमरेला पॉइंट फॉर्टी फाइव्हचं पिस्तूल. ड्युटी बदलताना पिस्तूल रिकामं करायचं, आधी मॅगझिन काढायचं आणि मग स्लाइड ओढायची. झोपेत मी उलटं केलं, स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन मग काढलं, म्हणजे एक गोळी नळीत चढली आणि हातातलं मॅगझिन बघून मला वाटलं झालं रिकामं. पिस्तूल वाळूच्या पिंपाकडे धरलेलं होतं हे खरं, पण पुढे चाप ओढणार तेवढ्यात शेजारी उभ्या पेटी ऑफिसरने, म्हणजे माझ्या वरच्या हुद्द्याच्या खलाशाने, माझ्या मनगटावर हात ठेवला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, परत ओढ. ओढली तर गोळी टप्पकन डेकवर पडली. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली आणि आपल्या कामाला लागला, त्याबद्दल कधी कुणाला बोलला नाही, पण पुढची वीस वर्षं मी कुणाच्या शेजारी उभा राहिलो की तोच हात आठवायचा.

आमच्या वेळच्या प्रत्येक रिक्रूटला फॉरेस्टल या विमानवाहू जहाजाच्या आगीची फिल्म दाखवायचे. 29 जुलै 1967, टोंकिनचं आखात, डेकवरच्या विमानातून एक रॉकेट चुकून सुटलं, समोरच्या विमानाची इंधनाची टाकी फुटली, 134 माणसं गेली. वेळ वाचावा म्हणून रॉकेटची वायर ठरलेल्या जागेच्या आधीच जोडत होते. सुरुवातीच्याच बॉम्बस्फोटांत आग विझवणारी शिकलेली तुकडी गेली आणि मागे राहिलेल्यांना काय करायचं ते धड माहीत नव्हतं, म्हणून पुढे प्रत्येक खलाशाला आग विझवायला शिकवायला लागले. नियमांच्या मागे माणसं असतात हे मला तिथे समजलं.

तर आता रेंजवर या. तिथे लोडिंग टेबल असतं, तुम्ही त्या टेबलाशीच गोळ्या भरायच्या आणि कुणीतरी शेजारी उभं राहून बघायचं. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवायचा, कारण जुन्या पद्धतीच्या यंत्रात घोड्याची पिन सरळ काडतुसावर टेकते आणि पिस्तूल नुसतं खाली पडलं तरी उडू शकतं. बघणारा ते रिकामं घर स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. शूटिंग झाल्यावर अनलोडिंग टेबल, तिथेही तेच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टोपीवाल्या एका आजोबांनी माझं सिलिंडर वाकून बघितलं आणि मान हलवली, आणि मला एकदम क्वार्टरडेक आठवला, घशात काहीतरी आलं. खेळ त्या दिवशी माझा अगदी यथातथा झाला, अंगठ्याची सवय व्हायला पुढे वर्ष गेलं, पण मी तिथलाच झालो.

प्रश्न: मी अमेरिकेत एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला बंदूक घेता येईल का, हा खेळ खेळता येईल का?

फेडरल कायद्याने नॉन इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला साधारणपणे बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत, हातात घेतलेलंही त्यात मोडू शकतं, त्यामुळे मित्राची घेऊन दोन राउंड मारतो असं करू नका. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध हंटिंग लायसन्स, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे, म्हणून हात लावायच्या आधी वकिलाला विचारा, पत्रातल्या माझ्या उत्तरावर जाऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याची ही आडकाठी नाही. तोवर बघायला या, बघायला कसलाच प्रश्न नाही.

प्रश्न: कानांचं काय हो? मिस्टरांना आत्ताच कमी ऐकू येतं.

वहिनी, चष्मा आणि कानांचं संरक्षण दोन्ही लागतंच, आणि त्यांनी आत बोळे आणि वरून इअरमफ असं डबल वापरावं. माझ्या दोन्ही कानांत कायम शिट्टी वाजते, नेव्हीची देणगी आहे ती. इथल्या माजी सैनिकांना भरपाई मिळते त्या दुखण्यांमध्ये कानातल्या या आवाजाचाच नंबर सगळ्यात वर लागतो, तेव्हा गेलेलं ऐकू परत येत नाही हे धरून चला. शिसं असतं म्हणून घरी जायच्या आधी हात नीट धुवायला सांगा, जेवायच्या आधी तर नक्कीच.

प्रश्न: काका, माझे सासरे इथल्या नेव्हीतून रिटायर झाले, आता तीन वर्षं झाली. घरात बसून असतात, बोलत नाहीत, जुने मित्र लांब राहिले. तुमचं वाचून वाटलं त्यांना बंदूक घेऊन द्यावी आणि या खेळात घालावं. बरोबर आहे का?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बंदूक घेऊन देऊ नका, निदान आत्ता नको. जो माणूस गप्प गप्प झालाय त्याच्या घरात आधी हत्यार न येणं बरं, आणि असेल तर ते कुलुपात किंवा काही दिवस विश्वासातल्या माणसाकडे. त्यांच्याशी सरळ बोला, मनात काही वाईट येतं का असं विचारा, विचारल्याने ते मनात भरत नाही. माजी सैनिकांसाठी 988 लावून 1 दाबलं की रात्रंदिवस माणूस भेटतो, तुम्ही घरच्यांनी लावलात तरी चालतं. हे आधी करा.

मीसुद्धा 2003 मध्ये रिटायर होऊन जहाजावरून उतरलो तेव्हा निरोपाची शिट्टी वाजली, दोन बाजूंना माणसं सॅल्यूट करून उभी, मी मधून चालत गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठून स्वयंपाकघरात उभा, कुणालाच माझी गरज नाही. जहाज त्याच सुमारास सेवेतून काढलं. बंदुकीची आठवण येत नव्हती, आठवण यायची ती कुणीतरी हाक मारून काम सांगण्याची.

म्हणून सासऱ्यांना नुसतं घेऊन या. रेंजवर आमची दहा पंधरा जणांची तुकडी असते, तिला पॉसी म्हणतात, आणि शूटिंगपेक्षा इतर कामंच जास्त असतात. रिकामी काडतुसं गोळा करायची, पडलेल्या पाट्या उभ्या करायच्या, स्कोअर लिहायचा, चुकलेल्या मोजायच्या. ओळख झाल्यावर कुणीतरी म्हणेलच, चीफ, जरा इकडे बघाल का. बंदुकीला त्यांनी हातही लावायची गरज नाही, आमच्यात एक जण दोन वर्षं फक्त स्कोअर लिहायला येतोय. ते म्हणतील मला नाही यायचं, तर मला गाडीतून सोडायला चला असं सांगा. सकाळी लवकर निघा, हॅट नसली तरी आमच्याकडे जास्तीच्या आहेत, आणि कानांचंही आहे.