वाचकांचे प्रश्न : शिडाच्या बोटीतील सांडपाणी

प्रश्न : आमची ३१ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट मुंबई बंदरात मूरिंगवर (तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयाला बांधून) असते. गॅलीचे, म्हणजे बोटीतल्या स्वयंपाकघराचे, सिंक डाव्या बाजूला आहे. वारा उजवीकडून घेऊन निघालो की सिंकमध्ये समुद्राचे पाणी वर येते आणि कधी काठावरून कपाटातही सांडते. बोट स्थिर असतानाही सिंकमधले पाणी फार हळू उतरते. इमारतीत काम करणाऱ्या प्लंबरने खाली यू-ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून दिला. तेव्हापासून निचरा आणखीच मंदावला आहे. सगळा पाइप बदलावा काय? — एक वाचक, मुंबई

उत्तर : तुमच्या तक्रारीत दोन वेगळे दोष आहेत आणि पाइप बदलून पहिला मुळीच जाणार नाही. घरातील सांडपाण्याला खाली मोकळी वाट असते. तुमच्या बोटीतील नळीचे दुसरे टोक मात्र समुद्रात बुडालेले आहे. त्यामुळे बाहेर पाणी ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर ते नळीतही उभे राहते. म्हणून सिंकचा तळ पाण्याच्या रेषेपासून किती उंच आहे, हे आधी मोजावे. सी-कॉक (नळी जिथे बोटीबाहेर पडते त्या भोकावरचा व्हॉल्व्ह) बंद करून नळीचे वरचे टोक सिंकपासून सोडवा, तिथे गवंडी लेव्हलसाठी वापरतात तशी पारदर्शक नळी घट्ट बसवून ती उभी धरा आणि सी-कॉक हलकेच उघडा. पाणी जिथे थांबेल तिथे खूण करा.

आता कलण्याचा हिशेब. वारा उजवीकडून आला की बोट डावीकडे, म्हणजे तुमच्या सिंकच्या बाजूला, कलते. ती २० अंशांनी कलली की त्या बाजूला मध्यरेषेपासून १.१ मीटर दूर असलेली वस्तू अंदाजे ३८ सेंटिमीटर खाली जाते. सिंकचा तळ तुमच्या खुणेपेक्षा २० सेंटिमीटरच उंच असेल, तर कललेल्या बोटीत तो पाण्याच्या पातळीखाली सुमारे १८ सेंटिमीटर जाईल, आणि १५ सेंटिमीटर खोल सिंक साहजिकच भरून वाहू लागेल. बोटीबाहेर जाणारे तोंड दुसरीकडे हलवावे, असा सल्ला अनेकदा मिळतो; पण ते तोंड पाण्याखाली असेपर्यंत ते कोणत्या बाजूला आहे याने या पातळीत काही फरक पडत नाही. तेव्हा शीड चढवण्याआधी सिंकचा सी-कॉक बंद करण्याची सवय लावून घ्यावी, हाच सरळ आणि बिनखर्चाचा उपाय आहे. प्रवासात भांडी धुवायचीच असतील तर बादली वापरावी. सिंक मध्यरेषेजवळ आणल्यानेही प्रश्न सुटेल, पण त्यासाठी गॅलीच नव्याने बांधावी लागेल.

निचरा मंद असण्याचे एक कारण याच हिशेबात आहे. पाण्याला ढकलणारा दाब जेमतेम २० सेंटिमीटर उंचीचा असल्यामुळे वाटेतला लहानसा अडथळाही त्याला भारी पडतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप उघडण्यात यातला बराच दाब खर्ची पडतो, आणि भाताचे एक शीत अडकले तरी ती नीट मिटत नाही. गटाराचा वास अडवण्यासाठी घरात यू-ट्रॅप लागतो. इथे नळीत उभे राहिलेले समुद्राचे पाणीच ते काम करते, त्यामुळे ट्रॅपमध्ये नुसता तेलकट गाळ साठतो. दोन्ही काढून टाका, आणि नळी कुठेही झोळ किंवा उंचवटा न ठेवता सिंकपासून सी-कॉकपर्यंत सतत उतरती न्या.

एवढे करूनही पाणी रेंगाळले तर संशय बाहेरच्या तोंडावर घ्यावा. आपल्या उबदार समुद्रात बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) लवकर धरतात आणि तोंडाचा व्यास बघता बघता अर्ध्यावर येतो. पावसाळ्यापूर्वी बोट किनाऱ्यावर काढाल तेव्हा ते बाहेरून खरवडून घ्या. हंगामात तात्पुरता उपाय म्हणून नळीत गोडे पाणी भरून सी-कॉक काही दिवस बंद ठेवावा. गोड्या पाण्यात ही समुद्री वाढ मरते, मात्र सी-कॉकच्या बाहेरचा भाग तसाच राहतो. घरगुती कॉस्टिक पावडर नळीत ओतू नये. ती सी-कॉकशी साचून राहते आणि पुढे नळी सोडवणाऱ्याच्या अंगावर उडते.

नळी खालच्या बाजूने सोडवण्यापूर्वी सी-कॉक खरोखर बंद झाला आहे, याची खात्री करा. हँडल फिरते पण आतला गोळा फिरत नाही, असे जुन्या व्हॉल्व्हमध्ये घडते. क्लॅम्प थोडा सैल करून पाहा. पाझर थांबला नाही तर तिथेच हात आवरा. पाण्याखाली अर्धा मीटर असलेल्या ३८ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत येते. लाकडी निमुळते बूच प्रत्येक सी-कॉकला दोरीने बांधलेलेच हवे.

प्रश्न : आमच्या बोटीवरील हातपंपाचे टॉयलेट वापरले नाही तरी रात्रभरात भरत जाते. जोकर व्हॉल्व्ह (बाहेर गेलेला मैला परत येऊ न देणारी रबरी झडप) नवा आहे. — एक वाचिका, ऑकलंड

उत्तर : निजण्यापूर्वी फक्त पाणी आत घेणारा सी-कॉक बंद करून पाहा. भरणे थांबले तर दोष आत येणाऱ्या वाटेवर आहे, आणि बहुधा तो सायफनचा, म्हणजे भरलेल्या नळीतून पाणी आपोआप ओढले जाण्याचा, असतो. भांड्याचा काठ पाण्याच्या रेषेखाली असेल, तर पंपापासून भांड्याकडे जाणारी नळी कललेल्या बोटीतही रेषेच्या वर राहील इतकी उंच कमानीने नेऊन माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. कमान सी-कॉक आणि पंप यांच्यामध्ये नसावी, कारण तिथे पंप पाण्याऐवजी हवाच ओढेल. तुमच्याकडे कमान असेलच तर तिचा व्हॉल्व्ह मिठाने चिकटला असावा. कोमट गोड्या पाण्यात धुतल्यावर तो बहुधा मोकळा होतो.

सी-कॉक बंद असूनही भांडे भरले, किंवा पाण्याला दुर्गंध असेल, तर ते बाहेर जाणाऱ्या नळीतून परतत आहे. जोकर व्हॉल्व्ह नवा असला तरी त्याच्या ओठांत क्षाराची कपची अडकू शकते. लघवी आणि समुद्राचे पाणी एकत्र आले की नळीच्या आत चुन्यासारखा कठीण थर चढतो. नळी काढून धक्क्यावर आपटली तर त्याच्या कपच्या पडतात. मला आम्लापेक्षा हा मार्ग अधिक पसंत आहे. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचेच असेल, तर त्याआधी किंवा नंतर तिथे ब्लीच पडणार नाही हे कटाक्षाने पाहा, कारण दोन्हींतून विषारी क्लोरीन वायू निघतो. यापुढे प्रत्येक वापरानंतर मैला नळीतून पूर्ण बाहेर जाईपर्यंत पंप मारत राहावे.

प्रश्न : मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटीच्या कॉकपिटमध्ये (सुकाणू धरून बसण्याच्या उघड्या खोलगट जागेत) पावसाचे पाणी साचते. जाताना सगळे सी-कॉक बंद करावेत काय? — एक वाचक, पणजी

उत्तर : कॉकपिटमधले पाणी बाहेर सोडणारे सी-कॉक सोडून बाकीचे बंद करावेत. कॉकपिटचे बंद केले तर एका मोठ्या सरीने बोट जड होईल. पाणी साचण्याचे कारण बहुतेक वेळा जाळीवरची पाने हेच असते. जाळी स्वच्छ असूनही साचत असेल तर मागच्या कप्प्यातील जड सामान पुढे हलवून पाहा, कारण मागचा भाग खाली बसला की कॉकपिटच्या तळाची आणि पाण्याच्या रेषेची उंची जवळजवळ सारखी होते. हे सी-कॉक तुमच्या गैरहजेरीत सतत उघडे राहणार असल्याने त्यांच्याच नळ्या बोटीतल्या सर्वांत मजबूत असायला हव्यात, प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन-दोन क्लॅम्प घालून. प्रत्यक्षात त्या कॉकपिटखाली दिसेनाशा असतात आणि बोटीइतक्याच जुन्या निघतात, म्हणून पावसाळ्याआधी टॉर्च घेऊन त्यांच्यापर्यंत रांगत जा आणि दाबल्यावर भेगा दिसणारी नळी त्याच दिवशी बदला.